दहावा मासा

कर्जतकडून येणारी लोकल विठ्ठलवाडी सोडून कल्याणच्या दिशेने निघाली, की डब्यातले रोजचे प्रवासी काही न बोलता रुमाल नाकाशी नेतात. नवखा माणूस आधी शेजाऱ्याकडे संशयाने बघतो आणि मग खिडकीबाहेर. बाहेर वालधुनी असते. तिला नदी म्हणायचं की नाला, यावर आमच्याकडे घरटी दोन मतं आहेत. सरकारी कागदावर नदी, रिक्षावाल्याच्या तोंडी नाला.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या बाकावर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, "आई, ह्याच्यात मासे असतील?" आई मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "ह्याच्यात काय जगणारे, बाळा!" विषय संपला. ते उत्तर चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं. असल्या पाण्याच्या तळाशी, काळ्या गाळात, ट्युबिफेक्स नावाचे दोऱ्यासारखे लाल किडे अर्धं अंग गाळात खुपसून शेपट्या हलवत असतात. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या असतात. दोघांच्याही अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणूनच प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यात ते तग धरतात. शोभेचे मासे पाळणारी मंडळी हेच किडे विकत आणून माशांना घालतात. तेव्हा, जगतं. पण कोण जगतं आणि कोण गेल्यावर जगतं, हा पुढचा प्रश्न सात वर्षांच्या मुलीला कसा सांगायचा, म्हणून मी गप्प बसले.

गप्प बसण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. "ह्या पाण्यात काय जगतं?" हा प्रश्न एकेकाळी मला पगार देऊन विचारला जात असे.

१९९७ साली प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत लागले. कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने यायचे. रसायनवाले त्याची बीओडी, सीओडी काढायचे, माझ्याकडे माशांची चाचणी असायची. ही चाचणी सांगायला फार सोपी आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं दिली आहेत. त्यात बाकीच्या रसायनांच्या आकड्यांसोबत एक ओळ आहे, की शंभर टक्के म्हणजे जराही पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. आम्ही टाकीत दहा मासे सोडायचो. झेब्रा मासे, निळसर पट्ट्यांचे, दीड इंचाचे. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा. आम्ही मात्र तो शोभेच्या माशांच्या दुकानातून डझनावर विकत आणायचो. २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. दहापैकी नऊ जिवंत, तर पाणी पास. आठ जिवंत, तर नापास.

पहिल्या काही आठवड्यांत त्या दहाव्या माशाचं मला काही वाटलं नाही. एखादा मासा असाच मरतो, दुकानातून येतानाच आजारी असतो. नियम करणाऱ्यांनी ती सूट ठेवली ती शहाणपणाने ठेवली. तरीही दर खेपेला नववा मोजून झाल्यावर पेन थांबायचं. दहाव्याचं काय झालं हे लिहायला वहीत जागा होती, अहवालात नव्हती.

ह्या माशांना एरवी खायला घालण्यासाठी मी मोइना वाढवायचे. डॅफ्निया हे नाव अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. मोइना ही तिची धाकटी चुलत बहीण. आपल्याकडच्या तळ्यांत, डबक्यांत ही बहुधा सापडतेच. मिलिमीटरभर लांब. बरणी उजेडासमोर धरली तर पांढुरके ठिपके झटके देत वर जाताना आणि अलगद खाली येताना दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिचं सगळं घर उघडं. पारदर्शक कवचातून धडधडणारं हृदय दिसतं, हिरवं आतडं दिसतं (शेवाळ खाल्लेलं असेल तर), आणि पाठीवरच्या पिशवीत पिल्लं दिसतात. नराची गरज नसते. चांगले दिवस असतील तर मादी पाच-सहा दिवसांची होते न होते तोच तिला मुली होऊ लागतात. दिवस वाईट आले की त्याच माद्या मुलगे जन्माला घालतात. त्यांच्याशी संयोग झाल्यावर एक जाड कवचाचं अंडं तयार होतं. ते तळाशी पडून राहतं, वाळतं, वर्षानुवर्षं वाट बघतं. डॅफ्नियाची अशी शेकडो वर्षांपूर्वीची अंडी तळ्याच्या गाळातून काढून संशोधकांनी उबवली आहेत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या कागद गिरणीचा नमुना आला. रद्दीपासून खाकी कागद आणि पुठ्ठा करणारी गिरणी. पाणी फिकट चहासारखं, त्यात अगदी बारीक तंतू. माशांची चाचणी लावली. चौथ्या दिवशी दहाच्या दहा जिवंत. उत्तम निकाल. कॅनमध्ये पाणी उरलं होतं. मी सहज, खरंच सहज, मोइनाच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत ते पाणी जसंच्या तसं घातलं, दुसरीत नऊ भाग साधं पाणी आणि एक भाग ते. तिसरी बरणी साध्या पाण्याची, दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालेल्या नळाच्या पाण्याची.

पहिल्या बरणीतल्या मोइना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तळाला होत्या. दुसऱ्या बरणीत कुणीच मेलं नाही. त्या पोहत होत्या, खात होत्या. चौथ्या दिवशी किंचित गुलाबी दिसू लागल्या, म्हणजे प्राणवायू कमी पडत होता आणि त्या हिमोग्लोबिन बनवत होत्या. आठव्या दिवशी मी एक काचपट्टीवर घेतली. पाठीची पिशवी रिकामी. दुसरी घेतली, रिकामी. पायांच्या केसाळ जाळीत, जिने ती पाणी गाळून अन्न मिळवते तिथे, कागदाचे तंतू अडकले होते. तिसऱ्या बरणीत त्याच वेळी इतकी पिल्लं झाली होती, की मोजता येईनात. बाराव्या दिवशी दुसऱ्या बरणीत पोहणारं कुणी उरलं नाही. त्यांचं आयुष्यच तेवढं असतं. त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, इतकंच. मागे मात्र कुणी नव्हतं.

मी सरांना दाखवलं. त्यांनी बरणीकडे पाहिलं, काचपट्टी पाहिली. माणूस वाईट नव्हता. उलट आकडे फिरवण्याच्या त्या धंद्यात आकडा न फिरवणारा म्हणून त्यांचं नाव होतं. म्हणाले, "मासे जगले ना?"

"हो सर. दहा."

"मग? फॉर्ममध्ये ह्याला रकाना नाही."

अहवाल गेला. पास. खाली तपासनीस म्हणून माझी सही.

ह्या सहीने मी खोटं बोलले का, हा प्रश्न गेली पंचवीस-सव्वीस वर्षं अधूनमधून डोकं वर काढतो. सोपं उत्तर "हो" असं आहे, आणि मला ते आवडतं, कारण त्यात मला स्वतःला शिक्षा करून मोकळं होता येतं. पण ते खरं नाही. अहवालात लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता. शिवाय माझा प्रयोग कच्चा होता. बरण्या तीनच. माशांच्या टाकीत हवेचा मंद पंप चालू असायचा, माझ्या बरण्यांना पंप नव्हता. मग पहिल्या बरणीतल्या मोइना विषाने मेल्या की घुसमटून? सेंद्रिय मळ भरपूर असलेल्या पाण्यात जिवाणूच सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. कागद गिरणीच्या पाण्याचा हा पहिला आणि सगळ्यात जुना गुन्हा. की तंतूंनी पाय बंद झाले म्हणून उपाशी राहिल्या? की गिरणीत यंत्रांवर चिकट बुरशीसारखा थर धरू नये म्हणून जंतुनाशकं घालतात, त्यांचा तो अंश होता? मला सांगता येत नव्हतं. न सांगता येणारी गोष्ट अहवालात लिहिणं हाही अप्रामाणिकपणाच. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तेव्हा प्रश्न खोटेपणाचा नाही. प्रश्न असा, की जी गोष्ट मला दिसली पण पुरावा म्हणून उभी राहू शकत नाही, तिचं मी काय करायला हवं होतं? त्याहून आधीचा प्रश्न: मिलिमीटरभर लांबीच्या, मेंदू म्हणावा असं फारसं काही नसलेल्या जिवाच्या बाजूने काहीतरी करायला हवं होतं, असं मला वाटावंच का?

पाश्चात्त्य विचारात ह्यावरचं एक नेहमीचं उत्तर बेंथमकडून येतं. १७८९ च्या त्याच्या ग्रंथातल्या एका तळटीपेत त्याने निकष मांडला तो वेदनेचा; प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, ते महत्त्वाचं नाही. पुढे प्राण्यांच्या हक्कांची अर्धी चळवळ त्या तळटीपेवर उभी राहिली. पण मोइनाला हा निकष लावला तर ती बहुधा बाहेर राहते. तिला वेदना होते का, मला ठाऊक नाही, आणि होत असलीच तर ती आपल्या वेदनेसारखी असेल असं समजायला काही आधार नाही. शिवाय माझ्या दुसऱ्या बरणीत वेदना कुठे होती? कुणी तडफडलं नाही. फक्त पुढची पिढी आली नाही. वेदनेच्या हिशोबात ह्याची नोंद शून्य.

श्वाइट्झर दुसऱ्या टोकाला. जगण्याची ओढ असलेला प्रत्येक जीव त्याला आदरणीय, उच्च-नीच उतरंड नाही. पण तोच श्वाइट्झर आफ्रिकेत डॉक्टर होता आणि रोगजंतू मारत होता. हे त्यालाही दिसत होतं. त्याने ते लपवलं नाही. मला तो माणूस म्हणून आवडतो, पण बरणीसमोर त्याचा उपयोग होत नाही. मीही मोइना रोज गाळणीने काढून माशांना घालत होते. तेव्हा नाही वाटलं काही.

ह्या सगळ्यांपेक्षा मला उपयोगी पडल्या त्या आमच्या चाळीतल्या काकू. सांगलीकडच्या जैन. मी लहान असताना त्या कोपऱ्यावरच्या खोलीत राहायच्या. त्यांच्या नळाला पांढरं दुपदरी फडकं बांधलेलं असे. पाणी गाळून पितात हे बहुतेकांना माहीत असतं. पण गाळून झाल्यावर फडक्याचं काय करायचं, हे मला काकूंनी सांगितलं. त्यांच्या माहेरी विहीर होती. गाळलेलं फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि फडक्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. दुसऱ्या विहिरीत नाही, गटारात तर नाहीच. वरून फेकायचं नाही, पाण्यापर्यंत भांडं नेऊन अलगद ओतायचं. त्याला त्या जिवाणी म्हणायच्या. जीव वाचवायचा एवढंच नव्हतं त्यात. ज्या पाण्यातून तो आला त्या पाण्यात तो परत पोचवायचा, म्हणजे त्याचं पाणी त्याला परत मिळालं पाहिजे.

"मग इथे कुठे सोडता, काकू?" मी विचारलं होतं.

"इथं कुठं सोडू गं? नळाला काय विहीर आहे?" त्या म्हणाल्या होत्या. मग मोरीत ओतायच्या आणि काहीतरी पुटपुटायच्या.

मोठेपणी मला त्या पुटपुटण्याचा अर्थ लागला असं वाटतं. कल्याणचं नळाचं पाणी उल्हास नदीतून येतं, मोहिलीला उचलतात. काकूंच्या फडक्यातला जीव, क्लोरीनमधून वाचून आला असेलच तर, उल्हासचा. त्याला परत द्यायचं तर मोहिलीला जायला हवं. मोरीतून गेलेलं पाणी मात्र आमच्या बाजूला वालधुनीत जातं, आणि वालधुनी खाली कल्याणच्या खाडीत. काकूंचं कर्तव्य तसंच होतं, पत्ता मात्र हरवला होता. विहिरीपाशी घेणारा हात आणि परत देणारा हात एकच असतो. नळ आणि गटार आले की मधे इतकी माणसं, इतके पाइप येतात, की परत देणं हे कुणा एकाचं काम राहत नाही. त्याचं मानक होतं.

मानकांबद्दल मी तुच्छतेने बोलत नाही. १९६९ चा महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा, १९७४ चा केंद्राचा, हे येण्याआधी पाणी परत देताना कसं द्यावं याला काही मर्यादाच नव्हती म्हटलं तरी चालेल. कागदाच्या धंद्यात तर पाणी हाच मुख्य कच्चा माल. जुन्या मानकांत रद्दीवर चालणाऱ्या छोट्या गिरणीला टनभर कागदामागे ७५ घनमीटर सांडपाण्याची मुभा होती. ७५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. एका टन पुठ्ठ्यासाठी. पेंढ्यापासून कागद करणाऱ्या गिरणीला ह्याच्या दुपटीहून जास्त. ही परतफेड मोजायची तर आकडा लागणारच, आणि आकडा म्हटला की कुठेतरी रेघ मारावी लागते. नऊ मासे रेघेच्या आत, दहावा बाहेर. मोइना तर कागदावरच नाहीत.

माझा आक्षेप रेघेला नाही. रेघेच्या आत आलं की आपण निर्दोष ठरतो, ह्या समजुतीला आहे. पास ह्या शब्दात ती समजूत भरलेली आहे. शाळेत पस्तीस मार्कांना पास झालेल्या मुलाला आपण म्हणत नाही की तुला सगळं येतं.

आणि रेघ कुठे मारायची हेही कुणीतरी रेघेबाहेर बघितल्याशिवाय ठरत नाही. १९८० साली फ्लोरिडात इलेव्हनमाइल क्रीक नावाच्या ओढ्यातल्या एका क्षुल्लक माशाबद्दल एक निबंध प्रसिद्ध झाला. कागद गिरणीच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या गांबुसियाच्या माद्यांना नरासारखा पंख फुटला होता, ज्याने नर संयोग करतो तो. मासे मेले नव्हते. ९६ तासांच्या चाचणीत ते झकास पास झाले असते. लाकडाच्या लगद्यातले काही पदार्थ जिवाणूंच्या हातून बदलून नरसंप्रेरकासारखे वागत असावेत, असा संशय पुढे धरला गेला. सांगायचा मुद्दा, गांबुसियाला बाजारात किंमत नाही, तो कुणी खात नाही. आपल्याकडे तो डासांच्या अळ्या खायला विहिरींत आणि हौदांत सोडतात, तेवढीच त्याची ओळख. तरी कुणीतरी त्याच्या पंखाकडे बघितलं, आणि बघितलेलं लिहिलं. अमेरिकेतल्या गिरण्यांच्या खाली सापडलेल्या माशांत डायॉक्सिन आढळल्यावर नंतरच्या दशकात लगदा ब्लीच करायची पद्धतच बदलायला लागली, निव्वळ क्लोरीन वायू मागे पडला.

इथे माझा एक मित्र, जो आयुष्यभर एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता, नेहमी म्हणतो, "म्हणजे लहान जीव महत्त्वाचे, कारण ते आपल्याला आधी सांगतात." सूचक जीव. पाठ्यपुस्तकातही असंच शिकवतात, मीही पुढे कॉलेजात शिकवताना मुलांना तसंच सांगितलं, परीक्षेत प्रश्नही काढला. खरं आहे ते. २०१४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी रात्री वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला, तेव्हा टीव्हीवर सगळे अचानक नदीबद्दल बोलू लागले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रकरणात कोट्यवधींचा दंडही सुनावला. नदीतल्या बारक्या मंडळींनी हे कितीतरी आधी सांगितलं होतं, जाऊन. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायऱ्यांशी, जिथे हीच वालधुनी जवळजवळ हजार वर्षं वाहते आहे, तिथे आम्ही लहानपणी ओंजळीत मासे पकडले आहेत. ते मासे कधी गेले हे मला सांगता येणार नाही. ते खात ते बारीक जीव कधी गेले हे तर कुणालाच सांगता येणार नाही.

पण मित्राचं बोलणं ऐकताना मला प्रयोगशाळेतली माझी गाळणी आठवते. मोइना माशांचं खाणं म्हणून उपयोगी होती, आता आपली घंटा म्हणून उपयोगी. दोन्हीकडे ती आपल्या कामाची आहे म्हणून मोजायची. काकूंच्या फडक्यातला जीव काकूंना काहीच सांगत नव्हता. त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी त्याच्याकडून काहीतरी घेतलं होतं, म्हणजे पाणी, आणि म्हणून त्याला काहीतरी देणं लागत होतं. मोइनाला वेदना होते का, ती उपयोगी आहे का, ह्या दोन्ही प्रश्नांना बगल देऊन उभं राहणारं हे एक तिसरं नातं मला त्यात दिसतं. घेतलेलं पाणी परत करायचं असतं, ते ज्यांचं आहे त्यांना चालेल असं. ह्याने सगळं सुटतं असं नाही. माझ्याच बरणीत ज्या मोइना मी माशांना घातल्या, त्यांना मी काय परत केलं?

आणि गिरणीचं काय? नमुना घेऊन आलेला गिरणीतला मुलगा माझ्याच वयाचा होता. चहा घेताना म्हणाला, "मॅडम, आमच्या पुठ्ठ्याचे मिठाईचे खोके होतात. दिवाळीत तुमच्याकडे आला असेल बघा." आला असणारच. उल्हासनगरच्या मिठाईचे खोके आमच्या घरात वर्षभर सुया-दोरे ठेवायला वापरले जात. त्या गिरणीत ऐंशी-एक माणसं होती. ती रद्दी गाळत होती, म्हणजे कुठलीतरी बांबूची बेटं उभी राहिली. मी आयुष्यभर कागदावर जगले आहे: पुस्तकं, वह्या, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. माझ्या घरातून दर दोन महिन्यांनी रद्दीवाला तराजू घेऊन येतो आणि मी किलोचा भाव घासाघीस करून वाढवून घेते. त्या गिरणीला नापास करण्याचा अधिकार मला नव्हता, इच्छाही नव्हती. तिचं पाणी तिच्यासारख्या इतर कित्येक गिरण्यांच्या पाण्यापेक्षा स्वच्छ होतं, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही.

मला एवढंच करता आलं असतं. अहवालाच्या तळाशी, सहीच्या वर, हाताने एक ओळ लिहिता आली असती: एक दशांश प्रमाणात मोइनाची वीण थांबलेली दिसली, कारण निश्चित नाही, पुन्हा तपासावं. सरांनी कदाचित खोडली असती. गिरणीने वाचलीच नसती. मंडळाच्या कचेरीत फाईलला लागली असती आणि काही वर्षांनी रद्दीत गेली असती, कुणी सांगावं, त्याच गिरणीत. पण ओळ लिहिली असती तर रेघेच्या बाहेर काय आहे ते निदान रेघेच्या शेजारी नोंदलं गेलं असतं. निष्कर्ष काढायला मला पुरावा हवा होता. बघितलं असं म्हणायला पुराव्याची गरज नव्हती. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे चोवीसाव्या वर्षी मला कळत नव्हतं असं मी स्वतःला सांगते. कळत होतं. रकाना नाही हे कारण सोयीचं होतं, आणि नोकरीला सहा महिने पुरे व्हायचे होते.

ह्या मे महिन्यात मी भाचीला घेऊन काकोळ्याला गेले होते. वालधुनी तिथल्या डोंगरातून निघते, आणि रेल्वेने इंजिनांसाठी बांधलेला जुना तलाव, ज्याला लोक अजून जीआयपी टँक म्हणतात, तो त्याच बाजूला आहे. तलावाच्या खालच्या अंगाला एक डबकं आटून भेगाळलं होतं. तिथला मूठभर सुका गाळ प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आणला आणि दोन दिवस उघड्या ठेवलेल्या पाण्यात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला. खिडकीत ठेवला. भाची रोज सकाळी दात घासता घासता बघायची. सातव्या दिवशी तिने ओरडून बोलावलं. उजेडासमोर बरणी धरली तर तीन ठिपके झटके देत वर चढत होते. भिंगातून पाहिल्यावर एक नक्की मोइना. बाकी दोन कोण, ते ओळखायला आता माझी नजर पुरत नाही.

दोन आठवड्यांत बरणी भरली. भाचीने विचारलं, "आत्या, आता ह्यांचं काय करायचं? माशांना घालतात ना?"

आमच्याकडे मासे नाहीत. बरणी अंबरनाथ लोकलमध्ये झाकण सैल ठेवून मांडीवर घेऊन जावी लागेल, आणि पुढे रिक्षा. तोवर पाऊस पडून ते डबकं भरलं पाहिजे. जुलैतला एखादा रविवार बघतो आहोत. बरणीशेजारी मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे, तारीख आणि संख्या लिहायला. भाचीने पहिल्या पानावर रकाने आखले, आणि शेवटचा एक रुंद रकाना तसाच मोकळा ठेवला. तिला विचारलं हा कशाला, तर म्हणाली, "असंच काही दिसलं तर."